घरच्या घरी आठ दिवस

बँकेत काही जागा अशा असतात, की तिथे बसणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा अचानक घरी पाठवले जाते. ट्रेझरी, करन्सी चेस्ट अशा संवेदनशील कामावरच्या कर्मचाऱ्यांना सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजा द्यावी, ती आधी न कळवता द्यावी आणि त्या काळात कामाच्या कागदपत्रांशी किंवा संगणकाशी त्यांचा संबंध राहू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. जुलै २०२१ मध्ये तो नव्याने आणि जास्त काटेकोर स्वरूपात जारी झाला. हेतू विश्रांतीचा नाही. माणूस खुर्चीवरून हलला, की त्याने काही दडवले असेल तर ते उघडे पडते. फ्रान्समधल्या सोसिएते जनराल बँकेला २००८ मध्ये सुमारे ४९० कोटी युरोंचा फटका बसला. ज्याच्या सौद्यांमुळे तो बसला, त्या जेरोम केर्व्हिएलने आदल्या वर्षभरात अवघे चार दिवस रजा घेतली होती.

एरवी रजा न घेणारा माणूस आपल्याकडे कौतुकाचा धनी असतो. निवृत्तीच्या निरोप समारंभात ‘यांनी कधी रजा घेतली नाही’ हे वाक्य आवर्जून म्हटले जाते आणि त्यावर टाळ्या पडतात. मला ते कौतुक पटत नाही. धडधाकट माणसाने, घरात लग्नकार्य नसताना, गाडीचे आरक्षण न करता, आठ दिवस आपल्याच घरात निवांत राहावे, या गोष्टीची बाजू मला इथे मांडायची आहे. त्यासाठी गेल्या काही महिन्यांत मी अशा रजेवर राहिलेल्या काही जणांशी बोललो. त्यातली बहुतेक माणसे त्याविषयी बोलताना आधी थोडी संकोचली. काही केले नाही, कुठे गेलो नाही, मग सांगायचे काय, असा त्यांचा भाव होता.

डोंबिवली पूर्वेला राहणाऱ्या एका बँक अधिकारी बाईंना अशी सक्तीची रजा लागली. संध्याकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावले, चार्ज दुसऱ्याकडे सोपवायला लावला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले. “घरी गेल्यावर आधी हेच समजवावं लागलं, की माझ्या हातून काही झालेलं नाही, नियमच आहे,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या पाचला उठल्या, कारण नवऱ्याचा आणि मुलाचा डबा होताच. पुढचे तीन दिवस घराने त्यांना कामाला जुंपले. माळ्यावरची पितळी भांडी खाली आली, गहू निवडून झाले, सासूबाईंचे डोळे तपासून झाले, गॅसच्या पुस्तकावरचा पत्ता बदलून झाला. ‘तू घरी आहेसच तर’ असे म्हणत जो तो एकेक काम पुढे करत होता.

चौथ्या दुपारी करण्यासारखे काही उरले नाही आणि त्या हॉलच्या खिडकीशी बसल्या. त्या घरात त्या सतरा वर्षे राहत होत्या, पण कामाच्या दिवसाची दुपार त्यांनी तिथे कधी पाहिलीच नव्हती. बारा वाजता ऊन सरकत देवघराच्या पायरीपर्यंत येते, हे त्यांना ठाऊक नव्हते. दोनच्या सुमारास सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा हाळी देत जातो. अडीचला सासूबाई जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकतात आणि समोरच्या ब्लॉकमधल्या आजींशी बोलत बसतात. त्या आजी लेकीकडे गेलेल्या असल्या, तर खुर्ची तशीच पडते, सासूबाई तशाच बसतात आणि संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलणे होत नाही. “मी साडेसातला दारात पाऊल टाकलं, की त्या सुरू व्हायच्या. चप्पलसुद्धा काढू द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, स्वभाव आहे त्यांचा,” बाई म्हणाल्या. “दिवसभराचं साठलेलं असतं ते. मला कसं कळणार? मी दिवसा तिथे नसतेच ना.”

महाबळेश्वरला जाऊन हे कळले नसते. पाहुण्यांनी भरलेल्या दिवाळीतही नाही, आणि रविवारी तर नाहीच, कारण रविवारी सगळे घरी असतात आणि घराची चालच निराळी असते. आपण ज्या घराचे हप्ते वीस-वीस वर्षे फेडतो, त्याचा दिवसाचा मोठा भाग आपल्या नजरेला पडत नाही. आठ दिवस लागोपाठ मिळाले, तरच तो पडतो.

मुंबईत कामगाराला सलग आठ दिवस दूरच राहिले, आठवड्याचा एक पूर्ण मोकळा दिवस मिळायलाही झगडावे लागले. नारायण मेघाजी लोखंडे हे मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते. जोतीराव फुले यांचे सहकारी, सत्यशोधक. १८८० मध्ये नोकरी सोडून त्यांनी ‘दीनबंधु’ हे साप्ताहिक हाती घेतले. १८८४ च्या सप्टेंबरात परळला गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांनी मागण्या मांडल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन पाठवले. मागण्यांमध्ये अग्रभागी होता रविवार, पूर्ण रविवार. दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पहाटे साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, ही मागणीपत्रातली आणखी काही कलमे. त्यानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करता करता गेले. आज रविवारी सकाळी दहापर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या मराठी माणसाने त्यांचे नाव तरी घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

सुट्टी मिळाली, तरी ती घालवायची कुठे? घर होते कुठे? कोकण, सातारा, घाटमाथ्यावरून आलेला गिरणी कामगार राहायचा तो चाळीच्या खोलीत, आणि त्या खोलीतही पुष्कळदा दहा-बारा जणांबरोबर. खाणे खाणावळीत. झोपणे पाळीप्रमाणे. दिवसपाळीवाला उठून गेला, की रातपाळीवाला त्याच जागी आपली वळकटी उलगडायचा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ इमारती बांधल्या. त्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो. तिथली खोली १६० चौरस फुटांची. लालबागमधल्या एका वयोवृद्ध बाईंनी मला सांगितले, की त्यांचे वडील रातपाळी करून आले, की आई त्यांना खोलीत झोपवायची, दार ओढून घ्यायची आणि दिवसभर गॅलरीत बसून धान्य निवडायची, शिवण करायची. पोरांनी गॅलरीत पळायचे नाही. शेजारच्या खोलीतला रेडिओही बारीक. एका माणसाच्या सहा तासांच्या झोपेसाठी सगळा मजला हळू बोलायचा.

त्यामुळे मुंबईच्या कामगाराची खरी रजा गावाला. शिमग्याला, गणपतीला, मे महिन्यात माणूस गावी जायचा आणि त्याच्या जागी गिरणीत बदली कामगाराला काम मिळायचे. एकाच्या रजेवर दुसऱ्याच्या घरची चूल पेटायची. गावी तरी विश्रांती कसली? लावणी, कौले, कुंपण, जमिनीचे वाद, भाच्याची सोयरीक. चाकरमानी परत यायचा तो आंब्याची पेटी आणि दुखरी कंबर घेऊन. तरीही मुंबईच्या खोलीत आठ दिवस पडून राहावे असे कुणाला वाटले नाही, कारण तिथे पडायला जागाच नव्हती.

आणखी एक गोष्ट, रिकामे बसण्याची धास्ती, आपल्या मनात घर करून आहे, तिचा उगमही गिरणगावात सापडतो. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. महिन्यांमागून महिने, मग वर्षे, कर्ते पुरुष दिवसाढवळ्या घरी दिसू लागले. काही गावी गेले, काही भाजीची गाडी लावू लागले, आणि अनेकांच्या घरात बायकांनी डबे करून संसार ओढला. त्या काळात जी मुले वाढली, ती आज पन्नाशीत-साठीत आहेत. त्यांच्यातल्या एकाने मला सांगितले, “बाप दुपारी घरी असला, की आमच्या पोटात गोळा यायचा. आजही मी दुपारी घरी आडवा झालो, की उगीच उठून काहीतरी करायला लागतो.” हे गृहस्थ आता नव्या इमारतीतल्या मोठ्या घरात राहतात, चांगल्या नोकरीत आहेत आणि गेल्या अनेक वर्षांत त्यांनी सलग आठ दिवस रजा घेतलेली नाही. आळशीपणाला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्याकडे रिकाम्या बसलेल्या माणसाबद्दल जी अस्वस्थता असते, तिच्यामागे अशा घरांनी सोसलेले दिवस असतात, हे विसरून चालणार नाही.

कायद्याने नंतर बरेच दिले. १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहा किंवा अधिक माणसे असलेल्या दुकाना-कचेऱ्यांना तसेच प्रमाण लावले, वर आठ नैमित्तिक रजा दिल्या आणि ४५ दिवसांपर्यंत रजा साठवायची मुभा दिली. सरकारी नोकराला वर्षाला तीस दिवस अर्जित रजा मिळते आणि ती ३०० दिवसांपर्यंत साठते. राज्य सरकारी कचेऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला.

आणि आपण ती रजा साठवतो. निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांचे पैसे हातात पडतात, त्यात मुलीचे लग्न निघते किंवा घराचा शेवटचा हप्ता फिटतो. खासगी नोकरदारांसाठी तर २०२३ मध्ये रजा-रोखीकरणाच्या करमाफीची मर्यादा तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेली. ज्याला त्या पैशांची गरज आहे, त्याला मी काही बोलणार नाही. पण ज्यांना ती गरज नाही, तेही रजा मोडत नाहीत. एका नगरपालिकेच्या आस्थापना शाखेत सारी हयात काढलेल्या निवृत्त अधीक्षकांना मी विचारले, की रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात लोक काय लिहितात? त्यांनी यादीच म्हणून दाखवली. घरगुती कारण. प्रकृती अस्वास्थ्य. नातेवाइकांचे लग्न. गावी शेतीचे काम. वर्षश्राद्ध. मुलाचे अ‍ॅडमिशन. ‘विश्रांती’ असे लिहिलेला अर्ज त्यांनी एकही पाहिला नव्हता. “आणि आला असता, तर मी शेरा मारला असता, की कारण संयुक्तिक नाही,” ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, “तसा शेरा मारायचा मला अधिकार होता का, कोण जाणे.”

शरीराचे गणित मात्र वेगळे आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून काढलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा ३५ टक्क्यांनी जास्त असतो. अशा दीर्घ तासांमुळे २०१६ या एका वर्षात जगभरात ७ लाख ४५ हजार माणसे पक्षाघाताने आणि हृदयविकाराने दगावली, असे त्यांचे मोजमाप. ही आकडेवारी प्रसिद्ध झाल्यानंतर दोन-अडीच वर्षांत आपल्या देशात एका बड्या उद्योजकांनी तरुणांना आठवड्याला सत्तर तास काम करण्याचे आवाहन केले. त्या आवाहनाशी मी अजिबात सहमत नाही.

रजेचा परिणाम किती दिवसांत दिसतो, याचाही अभ्यास झाला आहे. जेसिका दे ब्लूम या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये लांब रजेवर गेलेल्या नोकरदारांची पाहणी केली. माणसाची तब्येत आणि मनःस्थिती रजा सुरू होताच सुधारू लागते आणि साधारण आठव्या दिवशी सर्वांत चांगली असते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसले. कामावर परतल्यावर तो लाभ लवकरच ओसरतो, हेही दिसले. जर्मन मानसशास्त्रज्ञ साबिने सोनेनटाग यांनी कामातून सावरण्याच्या प्रक्रियेवर बरीच वर्षे काम केले आहे. त्यांच्या मांडणीत मुख्य गोष्ट म्हणजे काम डोक्यातून बाहेर जाणे. शरीर सोफ्यावर आणि डोके ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असेल, तर रजा वाया गेली. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत याच प्रश्नावर खासगी विधेयक मांडले होते. कामाच्या वेळेबाहेर आलेला फोन न उचलण्याचा हक्क कर्मचाऱ्याला मिळावा, हा त्याचा गाभा. त्याचा कायदा झाला नाही.

भोसरीत राहणाऱ्या, चाकणच्या एका कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या एका कामगाराची गोष्ट इथे सांगायला हवी. कारखान्यात ब्लॉक क्लोजर, म्हणजे काही दिवस काम बंद, जाहीर झाले, की तो दर वेळी लातूरकडच्या गावी शेतावर जातो. एका वर्षी बायकोचे शिवणकामाचे मोठे काम हातात होते, म्हणून दोघे भोसरीतच राहिले. पहिले दोन दिवस तो नुसता झोपला. “मला वाटलं, आजारी पडलो की काय,” तो म्हणाला. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्या शरीराला लागोपाठ रात्री रात्रीच झोप मिळत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या वेळेला तो आपोआप उठला, त्याने पिंप भरले, लेकीची वेणी घालायचा प्रयत्न केला आणि तिला शाळेत सोडून आला. वेणी तिने शाळेच्या फाटकात सोडून परत बांधून घेतली. बायको त्या वेळात मशीनवर बसली. आठ दिवसांत तिचे ब्लाउज वेळेआधी शिवून झाले. त्या आठवड्यात सगळ्यात चांगले काय वाटले, असे मी त्याला विचारले. त्याच्या आधी तिनेच सांगितले, “सकाळी मशीनवरून एकदाही उठावं लागलं नाही.”

हे घर अपवाद आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरकामात भाग घेणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. पुरुषाची रजा या पावणेपाच तासांत सहसा भरच घालते. तो घरी असला, की नाश्ता दोनदा, चहा चारदा, दुपारचे जेवण गरम. बाई स्वतः रजेवर असली, तर काय होते, हे डोंबिवलीच्या पहिल्या तीन दिवसांत दिसलेच. घरात राहून विसावा घ्यायचा, तर त्या आठ दिवसांचा स्वयंपाक कुणी, कधी आणि किती करायचा, हे आधी बोलून घ्यायला हवे. आमटी-भातावर दोन दिवस निघाले, म्हणून कुणाचे बिघडत नाही. ही बोलणी ज्या घरात होत नाहीत, तिथे एकाची विश्रांती दुसरीच्या पाठीवर बसते.

आणि या सगळ्यात जिच्यावर शहरातली निम्मी घरे उभी आहेत, ती धुण्याभांड्याची बाई राहते बाजूला. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी काम बंद केले होते. निमित्त झाले ते आजारपणात खाडे केल्याबद्दल एका बाईला कामावरून काढल्याचे. भरपगारी सुट्टी ही त्यांच्या मागण्यांतली एक प्रमुख मागणी होती. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. घरकामगारांना आठवड्यातून सलग किमान चोवीस तास सुट्टी हवी, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०११ चा १८९ क्रमांकाचा करार सांगतो. भारताने त्याला संमती दिलेली नाही. आजही कामवाल्या बाईची रजा म्हणजे ‘खाडा’, आणि तो पगारातून कापणारी घरे कमी नाहीत.

डोंबिवलीच्या बाईंनी त्या रजेत आपल्या कामवालीला चार दिवस यायचे नाही म्हणून सांगितले, पगार न कापता. नंतर त्यांनी तिला विचारले, चार दिवस काय केलेस? ती म्हणाली, “ताई, तुमच्याकडची भांडी नव्हती, एवढंच. बाकीची चार घरं होतीच की. सकाळी उठायचं ते उठलेच.” बाईंना हे खूप लागले. त्यांनी पुढच्या वर्षी मजल्यावरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणींशी बोलून पाचही घरांची सुट्टी एकाच आठवड्यात ठरवली. दोन घरे सहज तयार झाली, एकीला समजवावे लागले, आणि एका घरी अजूनही कुरबुर चालू आहे. त्या आठवड्यात ती बाई तिच्या घरी राहिली. तिनेही तिच्या खोलीतली दुपार पहिल्यांदाच पाहिली असणार.

तुमच्या खात्यावर रजा शिल्लक असेल, तर ती वर्ष संपण्याच्या आत टाका आणि कारणाच्या रकान्यात विश्रांती असेच लिहा. आठवडा ठरला, की शेजाऱ्यांच्या दारावर टकटक करा. तुमच्याकडे येणारी बाई आणखी ज्या घरांत जाते, त्या सगळ्यांनी मिळून तिला तेच आठ दिवस भरपगारी द्या, आणि महिनाभर आधी सांगा, म्हणजे तिलाही ठरवता येईल, की गावी जायचे का घरीच राहायचे.